बाण नसलेली चौकट

भाऊ,

तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे मला कळते. तो नसताना लिहिते आहे याची क्षमा आधीच मागते. तुमच्याबरोबर पंधरा-पंधरा वर्षे बसलेली माणसे आपल्या विभागात आहेत. मी जेमतेम वीस महिने बसले. मोशीच्या तुमच्या मंडळाने स्मरणिका काढायचे ठरवले आणि प्रत्येकाकडून अर्धे पान मागितले, तेव्हा मी ‘दिलदार’, ‘हसतमुख’ आणि ‘कामसू’ हे तीन शब्द वापरून अर्धे पान भरले. वाचून पाहिले. ते कोणाच्याही मृत्यूनंतर चालले असते. मी ते फाडले आणि हे लिहायला घेतले. अर्ध्या पानाची मर्यादा मोडते आहे, त्याबद्दल मंडळाचीही क्षमा मागते. मला लिहिण्याची सवय नाही. राजगुरुनगरच्या एका महाविद्यालयात चौदा वर्षे तासिका तत्त्वावर गणित शिकवले, ते तास बंद झाल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी सॉफ्टवेअर शिकून चाकणला आले. वर्गाबाहेर चार माणसांपुढे मला बोलता येत नाही. तुम्ही ते पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. हे मी रागाने लिहिते आहे. सहा आठवडे हा राग ओसरण्याची वाट पाहिली. तो ओसरला नाही.

ही स्मरणिका रविवारी वाटली जाईल. त्यानंतरच्या शुक्रवारी आपल्या कंपनीतून एक अहवाल ग्राहकाकडे जाणार आहे. बसच्या दाराच्या नियंत्रकात दोष कसा राहिला, याचा तो अहवाल आहे. त्यात ‘मूळ कारण’ या रकान्यात लिहिले आहे की मॉडेल अपूर्ण होते, आणि ‘जबाबदार’ या रकान्यात तुमचे नाव आहे, त्यापुढे ‘दिवंगत’. खाली दोन सह्यांची जागा आहे. एक आपल्या विभागप्रमुखसाहेबांनी केली. दुसरी माझ्याकडून हवी आहे.

तुम्हाला यातले सगळे ठाऊक आहे, पण मंडळातल्या वाचकांना आमचा धंदा कळावा म्हणून चार ओळी लिहिते. आमच्याकडे कोड हाताने लिहीत नाहीत. आधी मॉडेल काढतात, म्हणजे चौकटी आणि बाण. प्रत्येक चौकट ही एक अवस्था: दार उघडे आहे, दार बंद होत आहे, दार बंद आहे, दारात काही अडकले आहे. बाण म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची अट. हे चित्र पुरे झाले की जनरेटर नावाचा प्रोग्रॅम त्यावरून हजारो ओळींचा कोड स्वतः तयार करतो, आणि तो कोड बसच्या दाराजवळच्या एका लहान डबीत जाऊन बसतो. त्या कोडला माणसाने हात लावायचा नसतो. बदल हवा असेल तर तो चित्रात करायचा, कारण पुढच्या वेळी कोड पुन्हा चित्रातूनच निघणार आणि हाताने केलेले सगळे पुसले जाणार.

हे तुम्ही मला पहिल्या दिवशी याहून फार कमी शब्दांत सांगितले होते.

“मॅडम, माझा बाप भोसरीला फाउंड्रीत पॅटर्न करायचा. सागवानी. त्या लाकडाचा ठसा वाळूत, आन् वाळूत लोखंड. नग वाकडा निघाला तर येडा माणूस नग घासत बसतो. शहाणा पॅटर्न दुरुस्त करतो. कळलं?”

“कळलं.”

“मग झालं तुमचं ट्रेनिंग. चला, च्या घेऊ.”

चहा घेताना मी विचारले की पॅटर्न नगाएवढाच असतो का. तुम्ही म्हणालात, “न्हाई, थोडा मोठा. लोखंड गार झालं की आटतं, तेवढं धरून चालायचं.” मी म्हणाले, म्हणजे पॅटर्न हा मुद्दाम चुकवलेला असतो, मग आपल्या भिंतीवर ‘मॉडेल हेच सत्य’ असे का लिहिले आहे? तुम्ही कप खाली ठेवलात. “चौदा वर्षं पोरांना असंच छळलंत व्हय?”

आपला वाद तेव्हा सुरू झाला आणि तो तसाच राहिला. गणितातल्या मॉडेलची दिशा उलटी असते, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितले. आमच्याकडे आधी नियम असतात, आणि ते नियम जिला लागू पडतात त्या वस्तूला मॉडेल म्हणतात. तुमच्याकडे मॉडेल आधी आणि वस्तू त्यातून. तुम्ही ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, “तुमच्या गणितात कुणाचा हात दारात सापडत न्हाई ना, म्हणून चालतं.” हे तुम्ही चेष्टेत म्हणाला होतात. आता ते वाक्य मला आठवले की उठून खोलीत फेऱ्या माराव्या लागतात.

मेटामॉडेल हा शब्द मला पुस्तकातून समजला होता, पण पटला तो तुमच्यामुळे. मॉडेलमध्ये कोणत्या प्रकारच्या गोष्टी असू शकतात आणि त्या एकमेकींशी कशा जोडता येतात, हे ठरवणारी ती चौकट. तुम्ही कागदावर सातबाऱ्याचा कोरा नमुना काढलात. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक. “हा मेटामॉडेल. भरला की मॉडेल. रकाना न्हाई ती गोष्ट न्हाई. आमच्या आजीनं बांधावर आंबा लावला व्हता. त्याचा सातबाऱ्यावर पत्ता न्हाई.”

“आणि जमीन?” मी विचारले.

“जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. तिच्यावरच बसलाय आपण, मॅडम. जरा जपून बसा.”

सगळा विभाग हसला. मीही हसले. वीस महिन्यांत मी त्या खोलीत मोकळेपणाने हसले असे जे चार-पाच प्रसंग असतील, त्यांतले बहुतेक तुमच्या टेबलाजवळचे आहेत. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असून तुम्ही मला शिकवलेत, आणि मी वयाने मोठी आहे हे एकदाही मला जाणवू दिले नाहीत, किंवा विसरूही दिले नाहीत. दोन्ही एकाच वेळी कसे जमवत होता, कोण जाणे. याबद्दल मी कृतज्ञ आहे. हे वाक्य इथेच लिहून ठेवते, कारण पुढे ते लिहिण्याच्या मनःस्थितीत मी राहीन याची खात्री नाही.

मार्चमध्ये तुम्ही दरवर्षीप्रमाणे गावच्या यात्रेसाठी दोन दिवस रजेवर गेलात. बैलगाडा शर्यतीचा घाट सोडून तुम्ही कामावर आलात असे कधी घडले नाही. त्याच दोन दिवसांत ग्राहकाच्या यार्डातून निरोप आला की बस सुरू करताना दार चमत्कारिक वागते आहे. इंजिन सुरू होताना बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो, दाराजवळची डबी बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि दारात काही अडकले होते याचा तिला विसर पडतो. ती दार बंद करायला लागते. साहेब माझ्या टेबलापाशी आले.

“मॅडम, बस यार्डात उभी आहे आणि कस्टमर माझ्या डोक्यावर. तीन ओळींचं काम आहे. टाका कोडमध्ये. भाऊ आले की मॉडेलमध्ये घेतील.”

“पण फाइलच्या वर लिहिलंय, हाताने बदल करू नये.”

“ते फ्रेशर पोरांसाठी लिहिलेलं असतं. तुम्ही मॅच्युअर आहात.”

मी कायम होण्याला महिना उरला होता. हे कारण म्हणून सांगत नाही, पण मला ते त्या क्षणी आठवले होते, एवढे खरे. मी तीन ओळी लिहिल्या: डबी पुन्हा सुरू झाली आणि दार अर्धवट असेल, तर आधी अडथळा तपास, मगच दार हलव. दार नीट चालू लागले. साहेबांनी सगळ्यांना वडापाव मागवला.

तुम्ही परतलात तेव्हा ओरडून ओरडून तुमचा आवाज बसला होता आणि केसांत अजून गुलाल होता. “राव, काय पळाली बैलं,” एवढे म्हणून तुम्ही खुर्चीत बसलात, यंत्र सुरू केलेत, आणि कोडमधल्या त्या तीन ओळी तुम्हाला दिसल्या.

“कुणी केलं हे?”

“मी. साहेबांनी सांगितलं.”

“साहेबांनी सांगितलं. बरं. उद्या साहेब म्हणतील इंद्रायणीत उडी मारा.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. “तुमचं कायम व्हायचं कधी हाय?”

“पुढच्या महिन्यात.”

बदलाचे नोंदपत्रक अजून भरायचे होते. ते तुम्ही भरलेत. ‘बदल करणारा’ या रकान्यात तुम्ही स्वतःचे नाव लिहिलेत. मी तुमच्या शेजारी उभी होते. मी ते पाहिले. एक शब्द बोलले नाही, आणि मला हायसे वाटले. हे शेवटचे वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले आहेत.

भाऊ, मी तुमच्यावर रागावले आहे ती याच रकान्यासाठी. तुम्हाला मोठेपणा करायचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ते पत्रक बसचे तिकीट घ्यावे तितक्या सहजपणे भरलेत. पण माझी चूक तुम्ही मला न विचारता घेतलीत. चौदा वर्षे मला दर जूनमध्ये पुन्हा नेमणूकपत्राची वाट पाहायला लावणाऱ्यांनी माझ्यावर दया केली नव्हती, तरी मी ताठ होते. तुम्ही दया केलीत आणि मी वाकले. तुम्ही मला त्या दिवशी माझे नाव लिहायला लावले असते, तर फार तर नोकरी गेली असती. आज जे गेले आहे ते मला परत करता येत नाही.

आणि राखीव जागेचा वाद. काही जनरेटर कोडमध्ये थोडी जागा सोडतात. तिथे हाताने लिहिलेले पुढच्या वेळी पुसले जात नाही. आपणही तशी सोय ठेवू, असे मी पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला म्हणाले होते, लाजत लाजत, पण म्हणाले होते. तुम्ही ठाम नकार दिलात. “खिडकी ठिवली की लोक दारानं यायचं सोडतात. दोन वर्षांत मॉडेल राहतं भिंतीवर आन् खरं काम खिडकीतनं.” तुमचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते. ती खिडकी असती तर माझ्या तीन ओळी वाचल्या असत्या आणि एका माणसाचे मनगटही. तुमचा नियम चोख होता, पण तो ज्या लोकांत वावरत होता ते लोक चोख नव्हते, आणि त्यांच्यात मीही होते. हे तुम्ही का धरून चालला नाहीत? लोखंड आटते हे तुम्हाला कळत होते. माणसे आटतात हे कळत नव्हते का? याचे उत्तर तुम्ही मला दिले असते, कदाचित चिडून दिले असते. मला ते ऐकायचे होते.

त्यानंतरच्या सोमवारची बैठक. खोलीत आपण नऊ जण होतो. इतिवृत्त नेहमीप्रमाणे मी लिहीत होते, कारण माझे अक्षर चांगले आणि मी मध्ये बोलत नाही.

“साहेब, चार दिवस द्या,” तुम्ही म्हणालात. “मॉडेलात बसवतो, कोड नव्यानं काढतो, बॅटरीचा दाब पाडून बेंचवर तपासतो. आपल्याकडं ती टेस्टच न्हाई.”

“भाऊ, दार चालतंय ना? चालत्या दाराला चार दिवस?”

“चालतंय. पण कशामुळं चालतंय ते मॉडेलला ठाऊक न्हाई. पुढच्या रिलीजला आपोआप पुसलं जाईल.”

“कसं पुसलं जाईल? तुम्ही आहात ना.”

सगळे हसले. चांगल्या अर्थानेच हसले. तुमचे कौतुकच होते ते. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, हे चार दिवसांचं मिनिट्समध्ये नको. कस्टमर मिनिट्स वाचतो.” मी कच्च्या वहीत लिहिलेल्या त्या ओळी पक्क्या प्रतीत घेतल्या नाहीत. तुम्ही ते पाहिलेत. तुम्ही फक्त पेनचे टोपण लावलेत आणि उठलात. रकाना न्हाई ती गोष्ट न्हाई, हे मला तुम्हीच शिकवले होते, आणि ते मी तुमच्यावरच वापरले.

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसकडे जाताना तुम्ही म्हणालात, “उद्या सुट्टीचं येतो आन् बसवून टाकतो. कुणाला इचारायचं न्हाई. तुमी त्याला हात लावू नका.” शनिवारी तुम्ही आलात. दुपारी बाराला परत गेलात. फाटकावरच्या रखवालदाराला म्हणालात, पित्त झालंय, राहिलेलं सोमवारी करतो. रविवारी सकाळी तुम्ही गेलात. बाकीचे स्मरणिकेत इतरांनी लिहिले असेल.

गुरुवारी नव्या आवृत्तीची तारीख होती. ती पुढे ढकलावी असे कोणाच्या मनात आले नाही. काम माझ्याकडे आले. मी तुमचे मॉडेल उघडले आणि त्यात एक नवी चौकट दिसली. नाव होते ‘पुन्हा तपास’. तुम्ही नावे नेहमी मराठीत द्यायचा, ग्राहकाने कुरकुर केली तरी. ती चौकट पाहून मला भरून आले. मला वाटले, तुम्ही जाण्यापूर्वी काम संपवून गेलात. मी बटण दाबले. कोड नव्याने निघाला आणि माझ्या तीन ओळी पुसल्या गेल्या.

त्या चौकटीला बाण नव्हते. आत येणारा एक नाही, बाहेर जाणारा एक नाही. जिथे कोणत्याही वाटेने पोहोचता येत नाही अशा अवस्थेसाठी जनरेटर कोड लिहीत नाही. तो ती सोडून देतो आणि इशाऱ्यांच्या लांब यादीत एक ओळ टाकतो. ती यादी कोणी वाचत नाही. मी वाचायला हवी होती. गणिताची पदवी घेतलेल्या बाईला चौकट दिसली आणि बाण नाहीत हे दिसले नाही. मी नाव पाहिले आणि माझे समाधान झाले.

दहा दिवसांनी यार्डात चाचणी घेणाऱ्या चालकाचे मनगट दारात सापडले. हाड मोडले आहे, प्लास्टर आहे. मी त्यांना भेटून आले. ते म्हणाले, “ताई, तुमी कशाला येवढ्या लांबून आलात, तुमचा काय दोष?” मी त्यांनाही काही सांगितले नाही.

मग अहवाल तयार झाला. साहेबांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बसवून तो वाचायला दिला. त्यात एकही वाक्य खोटे नाही, भाऊ. मॉडेल अपूर्ण होते. चौकट तुम्ही काढली होती. बाण तुम्ही काढले नव्हते. नोंदपत्रकात नाव तुमचे आहे. चार दिवस मागितल्याची नोंद कुठेही नाही. अशी प्रत्येक वाक्य खरे असलेली लबाडी मी याआधी पाहिली नव्हती.

“साहेब, त्या तीन ओळी मी लिहिल्या होत्या. तुम्ही सांगितलंत म्हणून,” मी म्हणाले. आवाज निघाला याचे मलाच आश्चर्य वाटले.

त्यांनी दार लोटून घेतले. ते वाईट गृहस्थ नाहीत. तुमच्या अंत्ययात्रेत ते अनवाणी चालले होते. “मॅडम, शांतपणे विचार करा. गेलेल्या माणसाला काय होणार? त्यांना कोण नोकरीवरून काढणार? ग्रॅच्युइटी, विमा, सगळं व्यवस्थित मिळतंय घरच्यांना, मी स्वतः बघतोय. तुमचं नाव घातलं तर तुम्ही संपलात. माझं घातलं तर सगळा प्रोजेक्ट जातो, चाळीस घरं आहेत त्याच्यावर. भाऊ असते तर त्यांनी स्वतःच सही केली असती, तुम्हाला माहीत आहे.”

तेच तर. मला माहीत आहे. तुम्ही केली असतीत. म्हणून मला साहेबांचा जितका संताप आला तितकाच तुमचा आला. तुमच्या चांगुलपणाची खात्री इतक्यांना होती की त्याच्यावर काहीही ठेवून मोकळे होता येत होते. मीही ठेवले होते.

“वाचून सांगते,” एवढेच म्हणून मी उठले.

त्यानंतरच्या रविवारी मोशीला तुमच्या घरी गेले. वहिनींनी चहा ठेवला. तुमचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे नाहीत. त्यांनी मला समोर बसवले.

“बाई, कंपनीची दोन मानसं आली व्हती. म्हणली, कागदात पोराचं नाव आलं तर घाबरू नका, फॉरम्यालिटी हाय. मी इचारलं, कशापायी? तर म्हणली, पॅटर्न अर्धा राहिला व्हता.” तुम्ही तुमचे काम त्यांना त्यांच्याच धंद्याच्या शब्दांत समजावले होतेत, हे तेव्हा कळले. “आमी पॅटर्नवर आपापला नंबर कोरायचो. नग फुटला तर कुणाचा, ते कळाय पायजे. तीस वर्सांत माझा नंबर एकदा परत आला. तो दिस मी इसरलो न्हाई. माझा पोरगा पॅटर्न अर्धा टाकून घरी यायचा न्हाई. आला व्हता का, बाई? तुमी संगं व्हता. तुमी सांगा.”

वहिनी दारात उभ्या होत्या. “मामंजी, त्यांना चहा तरी घेऊ द्या.”

“घेऊ दे की. मी कुठं हात धरलाय. सांगून घ्या म्हणतो.”

मी चहा घेतला. तो संपेपर्यंत ते माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणाले, “बाबा, मी चौकशी करून सांगते.” चौकशी करून. ज्या गोष्टीची मला तारीख, वार, तास आणि ओळ क्रमांकासकट माहिती आहे, तिची मी चौकशी करणार होते. त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडे पाहू लागले. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ वेळा लाज वाटली आहे, बहुतेकदा विनाकारण. त्या दिवशी कारण होते.

घरी येऊन कच्ची वही काढली. त्या सोमवारचे पान आहे. ‘भाऊ: चार दिवस मागतात. कोड नव्याने निघाला की बदल पुसला जाईल. चाचणी नाही. साहेब: पुढच्या वेळी. इतिवृत्तात नको.’ माझेच अक्षर, चांगले वळणदार. मी साहेबांना ते पान दाखवले. ते म्हणाले, “मॅडम, ही तुमची खासगी वही. हे तुम्ही काल रात्रीही लिहिलेलं असू शकतं. इतिवृत्तात तसं काही नाही, आणि इतिवृत्त तुम्हीच लिहिलंय.” मला राग आला, पण त्यांचे म्हणणे चूक नव्हते. माझ्या एकटीच्या शब्दाला किंमत नाही, आणि ती मीच घालवली आहे.

म्हणून अहवालावर मी सही केलेली नाही, आणि करणार नाही. त्याऐवजी एक वेगळे निवेदन लिहिले आहे. त्या तीन ओळी कोणी लिहिल्या, कोणी सांगितल्यावरून लिहिल्या, चार दिवस कोणी मागितले, ते कोणी नाकारले, इतिवृत्तातून कोणी वगळले, आणि चौकटीला बाण नाहीत हे कोणी पाहिले नाही. यांतल्या तीन प्रश्नांचे उत्तर माझे नाव आहे, आणि ते मी पूर्ण लिहिले आहे. तुमचे नाव एकाच ठिकाणी आहे. एक प्रत अहवालाआधी ग्राहकाकडे जाईल. दुसरी मी तुमच्या वडिलांना वाचून दाखवणार आहे. मला कायम करण्याचे पत्र मागच्या महिन्यात मिळाले. ते आले त्याच पाकिटात घालून ठेवले आहे, परत मागितले तर शोधावे लागू नये.

राग अजून आहे, भाऊ. तो तुमच्यावर आहे, साहेबांवर आहे, माझ्यावर आहे; आणि ज्यांच्याशी मी अजून बोलले नाही त्यांच्यावरही आहे. त्यांच्याशी बोलायला मला जमत नाही. चार वेळा कँटीनमध्ये त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि ताक घेऊन परत आले. ते सगळे तुमच्यावर प्रेम करणारे आहेत. त्यांनीही या स्मरणिकेत अर्धे-अर्धे पान लिहिले आहे आणि रविवारी ते हे वाचतील. तेव्हा तुमची परवानगी घेऊन आता त्यांच्याकडे वळते.

त्या सोमवारी त्या खोलीत भाऊ, साहेब आणि मी सोडून आणखी सहा जण होते. तुमची नावे मी इथे लिहिलेली नाहीत आणि लिहिणार नाही. भाऊंनी चार दिवस मागितले ते तुम्ही ऐकले आहे. निवेदनाच्या शेवटी माझ्या सहीखाली सहा ओळी मोकळ्या आहेत, आणि कागद गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर राहील. तुम्ही सही कराल का?